संगमरवरातलं भोक

"आई तिकडेही अशाच ओतायच्या," डोम्ना म्हणाली आणि तिने माझ्या आईच्या कवटीवर बाटलीतली लाल वाईन ओतली. आपण काही विशेष बोललो असं तिच्या गावीही नव्हतं. डोम्ना ही माझ्या धाकट्या भावाची, पास्खालिसची बायको. ती स्वयंपाक करताना बोलते, टीव्ही बघताना बोलते, पाद्री प्रार्थना म्हणत असला तरी बोलते, आणि तिचं न ऐकण्याची मला इतकी सवय झाली आहे की हे वाक्यही तसंच कानाआड जायचं. गुरुवारची सकाळ होती. उत्तरेचा वारा सुटला होता आणि शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या दफनभूमीत सुरूची झाडं एका बाजूला झुकून उभी होती. आमच्या थेसालोनिकीत मेलेल्या माणसालाही जागा भाड्यानेच मिळते. तीन वर्षं झाली की फोन येतो. मग घरच्यांनी जायचं, माती उपसून घ्यायची, हाडं वर काढायची, वाईनने धुवायची, चादरीवर वाळवायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून हाडांच्या खोलीत फळीवर ठेवून द्यायची, कारण पुढचं गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं. पाद्री घाईघाईने प्रार्थना उरकत होता, त्याला आणखी दोन खड्ड्यांवर जायचं होतं. खणणारा माणूस सिगरेट ओढत फावड्यावर रेलला होता. पास्खालिस आमच्याकडे पाठ करून नाक शिंकरत होता. जन्मभर औषधाचं दुकान चालवलेला हा माणूस, आणि हाड बघायची त्याची छाती नाही. आणि मी, जिने आयुष्यभर दुसऱ्यांचीच हाडं मातीतून काढली, ती कोटाच्या खिशात हात घालून उभी होते. "ताई, तुम्ही धुवा ना, आईंची तशी इच्छा होती," असं डोम्ना आल्याआल्या म्हणाली होती. "तुला हौस आहे, तूच धू," असं मी म्हटलं होतं.

मग तिने पिशवीतून दुसरी, लहान बाटली काढली. डब्यापुढे लावायच्या दिव्याचं तेल. तिने टोपण उघडलं आणि वाऱ्याबरोबर लवंगेचा वास आला. आमच्या घराचा वास. आई देवापुढच्या दिव्याच्या तेलात नेहमी एक लवंग टाकून ठेवायची, म्हणजे तेल खवट होत नाही म्हणे. मी त्या वासात जन्मले, त्या वासाला कंटाळून घर सोडलं, आणि गेली वीस वर्षं त्याच वासाच्या जोरावर जगभर मिरवले, हे मला तिथे, त्या उकरलेल्या खड्ड्याच्या काठावर कळलं.

"तिकडे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"तिकडे हो, तुमच्या तिकडे. तळघरात. त्या भोकात."

त्या भोकाबद्दल सांगायला हवं, आणि त्या आधी त्या इमारतीबद्दल, जिची आठवण आली तरी मला मळमळतं. आमच्याकडे जुनं घर असलेला माणूस ते बिल्डरला देऊन टाकतो आणि बदल्यात दोनतीन फ्लॅट घेतो. सगळं शहर असंच उभं राहिलं आहे, एकाला एक चिकटून, एकाहून एक कुरूप. पाया खणताना खाली हमखास काहीतरी लागतं. समंजस बिल्डर डोळेझाक करून त्यावर काँक्रीट ओततो. या इमारतीचा बिल्डर समंजस नव्हता, त्याच्या मेव्हण्याशी त्याचं भांडण होतं आणि मेव्हण्याने आमच्या पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात चुगली केली. अशा थोर कारणाने पंधराशे वर्षांपूर्वीचं एक चर्च उजेडात आलं. उजेडात म्हणजे तळघरात. वर सात मजले, खाली, गाड्या लावायच्या जागेच्या मागे, खांबांच्या मधे सापडलेलं चर्च. पूर्वेकडची अर्धगोल भिंत कमरेएवढी शिल्लक, दोन ओळींत खांबांची बुडं, रंगीत खड्यांची फरशी, तीही अर्धी, कारण उरलेली शेजारच्या इमारतीच्या पायाखाली गेली आहे. इमारतीतले लोक त्याला 'खालचं' म्हणतात. खालच्यामुळे ओल येते, खालच्यामुळे लिफ्ट बिघडते. दर वर्षीच्या बैठकीत चौथ्या मजल्यावरचा निवृत्त कॅप्टन विचारतो की खालच्याची साफसफाई कुणाच्या खर्चातून. मी पहिल्या वर्षी त्यांना समजावायला गेले होते. स्लाइड घेऊन गेले होते. एका बाईने विचारलं, तिथे कांद्याबटाट्याची पोती ठेवली तर चालतील का, गार आहे म्हणून.

ते चर्च दफनभूमीतलं होतं. शहराच्या भिंतीबाहेर, थडग्यांच्या मधोमध कुणा हुतात्म्याच्या कबरीवर बांधलेलं. वेदीच्या जागेखाली संगमरवराची एक जाड शिळा होती, आणि शिळेच्या मध्यावर बोटभर रुंदीचं गोल भोक. शिळा उचलली तेव्हा खालची कबर रिकामी निघाली. दात नाही, नखाएवढा हाडाचा तुकडा नाही. माझे त्या वेळचे प्राध्यापक, ज्यांनी मला वीस वर्षं चहाकॉफी आणायला आणि नकाशे रंगवायला ठेवलं होतं, ते येऊन वाकून बघून गेले आणि म्हणाले, "मोरी आहे. फरशी धुतल्यावर पाणी जायला." सगळे हसले. मीही हसले, नोकरी होती. पण मला ठाऊक होतं की ती मोरी नाही. अशा भोकांतून लोक आपल्या मेलेल्यांना तेल पाजायचे, वाईन पाजायचे. पुस्तकात असं सगळेच लिहितात, पण आमच्या शहरात कुणाच्या हाती पुरावा नव्हता. शिळा परत बसवून तो हिवाळाभर खड्डा प्लास्टिकने झाकून ठेवला होता. वसंतात मी भोकाच्या आतल्या कडेवरचा काळपट थर खरवडून अथेन्सला पाठवला. उत्तर आलं: ऑलिव्हचं तेल, द्राक्षाची वाईन, आणि लवंग.

त्या लवंगेने मला उचललं. सहाव्या शतकात भारताच्या समुद्रावरून, अरबांच्या हातून, सोन्याच्या मोलाने आलेली लवंग, आणि ती एका अनाम भक्ताने हुतात्म्याच्या कबरीत ओतली. मी त्यावर पन्नास पानं लिहिली. व्यापाराचे मार्ग दाखवणारा नकाशा काढला, त्यावर बाण. रोमला बोलावलं, व्हिएन्नाला बोलावलं. प्राध्यापकांनी मला फोन करून अभिनंदन केलं तेव्हा त्यांचा आवाज ऐकून मला जेवण गोड लागलं. त्यांचा लाडका चेला मेनेलाओस एकटाच भर सभेत उठला होता. म्हणाला, "काळ ठरवलेला नाही. लवंगेचा वास पंधराशे वर्षं टिकत नाही. हे तेल गेल्या आठवड्यातसुद्धा कुणी ओतलं असेल." मी म्हणाले, "कुणी? तुमच्या सासूबाईंनी?" सभागृह खो खो हसलं. तो खाली बसला, त्याचे कान लाल झालेले मला व्यासपीठावरून दिसत होते. ते कान मला नंतर अनेक वर्षं पुरले. आता तो आमच्या ऑफिसचा मुख्य आहे, मी येत्या वर्षी निवृत्त होणार, आणि 'खालचं' लोकांना बघायला उघडणार आहेत. काचेची वाट केली आहे, दिवे लावले आहेत, आणि त्या भोकाशेजारी माझ्या शोधाचा फलक लागणार आहे. फलकावर शतक नक्की लिहिता यावं म्हणून नव्याने नमुना घेऊन काळ ठरवा, आता तंत्र सुधारलं आहे, असा हट्ट मीच धरला. मेनेलाओसची कायमची बोलती बंद करायला. सोमवारी अथेन्सहून एक मुलगी येणार होती.

"कधी?" मी डोम्नाला विचारलं. "कधी ओतलं आईने?"

"कधी म्हणजे, दर वर्षी. मेलेल्यांच्या शनिवारी. पहिल्यांदा गेलो ते तुमचं ते सापडलं ना, त्याच हिवाळ्यात. तुम्ही परगावी होता. आईंनी गहू उकडून, साखर घालून, डाळिंब घालून, सगळं साग्रसंगीत केलं होतं. मी गाडी चालवली. तो स्टेर्गिओस राखणदार आहे ना, त्याला वाडगाभर दिलं, त्याने प्लास्टिक उचलून दिलं." ती बोलता बोलता आईच्या मांडीचं हाड बोटांनी चोळत होती. "बघा ना ताई, किती काळी पडलीत. पिवळी यायला हवी होती हो. मधासारखी. माझ्या आईची कशी पिवळीधमक निघाली होती."

"चिकणमाती आहे," मी म्हणाले. "पाणी धरून ठेवते. तुझ्या आईला वाळूत पुरलं होतं. पापपुण्याचा काही संबंध नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच," डोम्ना म्हणाली आणि आणखी वाईन ओतली.

"पोलिक्सेनी, तू मोजू नकोस हां तिची हाडं," पास्खालिस पाठमोराच म्हणाला. "आई मला सांगून गेलीये. पोलिक्सेनी धुवेल तर धुऊ दे, पण तिला मोजायला देऊ नकोस."

मी मोजत नव्हते. पण डोळे आपोआप मोजत होते, हे खरं. उजव्या गुडघ्याची झिजलेली वाटी, पाठीच्या मणक्यांना फुटलेले काटे. कुणी पेटीत घालून मला ही हाडं दिली असती तर मी लिहिलं असतं: स्त्री, वृद्ध, आयुष्यभर ओझी उचललेली, गुडघ्यांवर बसून काम केलेली. आई दुसऱ्यांच्या जिन्यांच्या पायऱ्या घासायची. तिचे आईबाप बोटीतून आलेले, समुद्रापलीकडून हाकलून दिलेल्यांपैकी. जहाजात एक शिवणयंत्र, एक देवाची तसबीर आणि मागे सोडलेल्या थडग्यांच्या गोष्टी एवढंच घेऊन. अनेस्तिस, माझे आजोबा, जेवताना रोज एक घोट वाईन जमिनीवर सांडायचे, मागे राहिलेल्यांना म्हणून, आणि आजी फडकं घेऊन पुसायची. मला या सगळ्याची शाळेत असल्यापासून किळस होती. ते रडणं, ते तेल, त्या काळ्या ओढण्या, ते प्रत्येक आनंदाच्या घासाला मेलेल्यांचा वाटा काढणं. मी विद्यापीठात गेले ती या बायकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं जायला. आणि शिकले काय, तर दीड हजार वर्षांपूर्वीच्या अशाच बायकांनी कुठे काय सांडलं ते. त्या बायका मला आवडायच्या. त्या मेलेल्या होत्या, बोलत नव्हत्या, आणि त्यांच्या तोंडाला लसणाचा वास येत नव्हता.

"मी आईंना म्हटलं होतं हो," डोम्ना सांगतच होती. "म्हटलं, ताई म्हणतात कबर रिकामी आहे, मग कुणाला पाजताय? तर म्हणाल्या, असू दे रिकामी. आपलं माणूस तिकडे राहिलं, तिथे जाता येत नाही. इथे माणूस नाही, पण जाता येतं. कुठेतरी घालायचं ना."

पाद्रीने हात पुढे केला, त्याला आटपायचं होतं. कवटी फडक्यावर ठेवली होती आणि तिच्यावर वाईन वाळत होती. मी खिशातून हात काढले. का, ते मला सांगता येणार नाही. डोम्ना गालाच्या हाडाच्या खोबणीतली माती नखाने काढायला लागली होती आणि तिची ती पद्धत चुकीची होती, खरवडलं की हाड ओरखडतं. एवढंच कारण होतं. "दे इकडे," मी म्हणाले. मी कवटी घेतली, वाईन घेतली, बोटाच्या पेराने माती सैल केली, जशी नेहमी करते. डोम्नाने डोळे पुसले ते मला दिसलं आणि मला तिचा भयंकर राग आला.

त्या रात्री मी झोपले, चांगली झोपले. शुक्रवारी सकाळी उठून कॉफी केली, तिळाचं कडं खाल्लं आणि सगळा हिशेब स्वच्छ मांडला. सोमवारी ती मुलगी नमुना घेणार. महिन्याभरात कळणार की तेल ताजं आहे. मेनेलाओस काही बोलणारसुद्धा नाही, तो फक्त माझ्याकडे बघेल आणि विचारेल, कुणाच्या सासूबाई? पन्नास पानं, नकाशे, बाण, रोम, व्हिएन्ना, सगळ्याची माती. माझ्या नावावर आयुष्यात ही एकच गोष्ट आहे. लग्न नाही, मूल नाही, घर भाड्याचं. पण नमुना घ्यायला तिथे काही उरलंच नाही तर? एवढ्या वर्षांत दगडाने सोडून दिलं, ओलीने खाल्लं, असं होतं. रोज होतं. मला किल्ली कुणाकडे मागायला नको होती. मी पिशवीत कापूस घेतला, चिमटा घेतला, ॲसिटोनची बाटली घेतली. डोम्नाने जबरदस्तीने माझ्या गळ्यात मारलेली उरलेल्या तेलाची लहान बाटली पिशवीत कालपासूनच होती, ती काढायची राहून गेली.

स्टेर्गिओस तळघराच्या दाराशी खुर्ची टाकून लॉटरीची तिकिटं खरवडत बसला होता. वीस वर्षं सरकारने या माणसाला डोळ्यांत तेल घालून पहारा करायला पगार दिला, आणि त्याने पहारा केला तो उकडलेल्या गव्हाच्या वाडग्याच्या बदल्यात.

"माझी आई इथे यायची?" मी विचारलं.

"यायच्या की." तो उठलासुद्धा नाही. "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. काय हात होता बाईंचा, काय गहू शिजवायच्या. एक दाणा चिकट नाही."

"आणि तू तिला आत सोडायचास. खोदकाम चालू असताना."

"बाई, मला वाटलं तुम्हीच पाठवता." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मूर्ख मीच. "कबर आहे. मेलेल्यांचा शनिवार आहे. उघडणाऱ्याच्या घरच्यांनी काहीतरी घालायला नको? मी म्हटलं, बाई शिकलेल्या, त्यांना लाज वाटत असेल, म्हणून आईंना पाठवतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आईच म्हणाल्या सांगू नको म्हणून. म्हणाल्या, माझी मुलगी फार हुशार आहे, पण तिला कळलं तर ती मला हसेल." तो जरा विचार करून म्हणाला, "हसला असतात का हो?"

मी आत गेले. नवे दिवे लावले नाहीत, जुनाच लोंबता दिवा पेटवला. वरून पाण्याच्या नळाचा गडगडाट झाला, कुणीतरी संडासची साखळी ओढली होती, आणि सहाव्या शतकाच्या अर्धगोल भिंतीवरून तो आवाज खाली उतरून गेला. स्टेर्गिओस मागून आला आणि काही न विचारता बॅटरी धरून उभा राहिला, म्हणजे तिच्यासाठीही तो असाच उभा राहत असणार. मी गुडघ्यांवर बसले. ती बसायची तशीच बसावं लागतं, दुसरी रीत नाही, शिळा तेवढी खाली आहे. शिळेच्या अलीकडे, फरशीच्या शिल्लक राहिलेल्या कोपऱ्यात काळ्या खड्यांची ती ओळ आहे, जी आमच्याकडच्या जुन्या चर्चांमधून पुष्कळ ठिकाणी सापडते: ज्याचं नाव देवाला ठाऊक आहे त्याने नवस फेडायला हे केलं. माझ्या पन्नास पानांत तिच्यावर एक तळटीप आहे. मी लिहिलं होतं की ही खोटी नम्रता आहे, नाव न लिहिताही लोकांनी नावाची चौकशी करावी अशी सोय. टीप हुशारीची आहे असं तेव्हा सगळे म्हणाले. मी कापूस भिजवला, भोकात घातला, एकदा फिरवला. बाहेर आला तो पिवळा, आणि ॲसिटोनच्या तिखट वासाखालून दुसरा वास वर आला. तिच्या ओढणीचा. परीक्षेच्या सकाळी ती माझ्या कपाळाला दिव्याचं तेल लावायची आणि मी जिन्यात ते रुमालाने पुसून टाकायचे, म्हणजे वर्गातल्या मुलींना वास येऊ नये. पुसायची बोटांची सवय तीच होती. दुसरा कापूस मी भिजवून हातात धरला होता. तेवढा आत घातला असता तर काम झालं असतं.

"हळू बाई," स्टेर्गिओस बॅटरी हलवत म्हणाला. "एकदम नाही जात ते खाली. आई थोडं थोडं घालायच्या."

त्याला वाटत होतं मी तेल घालते आहे. मी तो कापूस पिशवीत टाकला, पिशवी बंद केली आणि त्याला म्हणाले की तिकिटं खरवडायची असतील तर घरी बसून खरवड, इथे सगळीकडे तो चंदेरी भुगा पडतो. मग घरी गेले. शनिवार आणि रविवार मी काही केलं नाही. पास्खालिसचा फोन आला, हाडांच्या खोलीत डबा ठेवला, फोटो चिकटवला, वरची फळी मिळाली, बरं झालं ना. मी म्हटलं, बरं झालं.

सोमवारी आलेल्या मुलीचं नाव मिर्तो. दोन्ही कानांत मिळून सात-आठ बाळ्या, निळे हातमोजे, आणि चेहऱ्यावर ती हुशारी जी मी ओळखते, कारण तिच्या वयात माझ्या चेहऱ्यावर तीच होती. ती गुडघ्यांवर बसली, दिवा तोंडात धरून भोकात डोकावली, सळईला गुंडाळलेला बोळा आत घालून बाहेर काढला आणि हुंगला. मग दिवा काढून हसायला लागली.

"मॅडम, याचा काळ ठरवायला मशीन नको. लवंग आहे ही. आताच्या काळातली. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरासारखा वास येतोय." तिने बोळा माझ्या नाकापुढे धरला. "कुणीतरी खुळी म्हातारी येऊन ओतून गेलीये. असतात हो अशा, जिथे भोक दिसेल तिथे तेल. गेल्या वर्षी एका चर्चमध्ये आम्हाला खड्ड्यात अंडी सापडली, ईस्टरची, लाल रंगवलेली." ती पुन्हा हसली. "वाईट वाटतं तुमच्यासाठी. पण तुम्हाला काही बोल लागणार नाही, मी लिहिते नीट. 'अलीकडच्या काळात अज्ञात व्यक्तीने दूषित केलेला नमुना.' जुना थर होता, तो या बाईने घालवला. दोष तिचा, तुमचा नाही. चालेल ना?"

चालेल काय, धावलं असतं. तिला ठाऊक नव्हतं की तिने मला काय देऊ केलं. जुना थर होता, तो एका वेड्या बाईने घालवला. पन्नास पानं शाबूत, लवंग शाबूत, नकाशावरचे बाण आपल्या जागी. मेनेलाओसला हात चोळत बसावं लागलं असतं. फक्त 'अज्ञात' एवढा एक शब्द मी मान्य करायचा होता, आणि असल्या म्हाताऱ्यांना हसायचं होतं, जे मी आयुष्यभर फुकट केलं होतं. मी तोंड उघडलं ते 'चालेल' म्हणायलाच उघडलं, हे मी इथे लिहून ठेवते. पण ती मुलगी अजून हसत होती. ते हसू मला पाठ होतं. नाकाच्या शेंड्यातून निघणारं, ओठ न हलवता, शिकलेल्या माणसाचं. मी ते घरी आईपुढे हसत असे, आणि आज पहिल्यांदाच ते समोरून बघत होते. किती कुरूप दिसतं.

"अज्ञात नाही," मी म्हणाले.

"काय?"

"व्यक्ती अज्ञात नाही. लिहून घे. सुलताना, अनेस्तिसची मुलगी. इथलीच राहणारी. शोध लागला त्या हिवाळ्यापासून, जिवंत असेपर्यंत दर वर्षी, मेलेल्यांच्या शनिवारी. तेल, वाईन, आणि लवंग. पहिला नमुना मी घेतला तोही तिचाच होता. जुना थर कधी नव्हताच, किंवा असला तर कुणाला ठाऊक नाही. हेही लिही."

मिर्तोचं हसू अर्ध्यावर थांबलं. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा भोकाकडे बघत होती. मागे स्टेर्गिओसची खुर्ची करकरली.

"पण मॅडम, मग तुमचा तो पेपर," ती म्हणाली. "सगळाच जाईल."

"जाईल."

"नक्की ना? कोण ही बाई? तुम्हाला कसं माहीत?"

"माझी आई होती," मी म्हणाले. "आणि गुडघा उचल तिथून. अक्षरांवर ठेवला आहेस."

तिने घाबरून खाली बघितलं आणि बाजूला सरकली. काळ्या खड्यांवर तिच्या पँटची धूळ लागली होती. मी वाकले आणि ती हाताने पुसली.